गोदामांचे शहर, ग्रंथांचे शहर

एल्बे नदी उत्तर समुद्राला मिळते त्याच्या सुमारे शंभर किलोमीटर अलीकडे, तिच्या काठी हँबर्ग हे शहर वसले आहे. प्रत्यक्ष समुद्रकिनारा नसूनही हे जर्मनीतील सर्वांत मोठे बंदर आहे. सम्राट फ्रीडरिक बार्बारोसा याने ७ मे ११८९ रोजी येथील जहाजांना जकातमाफीची सनद दिली, अशी परंपरा आहे आणि तोच दिवस आजही बंदराचा वाढदिवस म्हणून साजरा होतो. उत्तर युरोपातील व्यापारी नगरांच्या हान्सा संघातील हे एक प्रमुख नगर. येथे राजा नांदला नाही. कारभार व्यापाऱ्यांनी पाहिला. म्हणून प्रवाशाला दाखवण्यासारखा राजवाडा येथे नाही. १८९७ साली पूर्ण झालेले, ६४७ दालनांचे नगरगृह हाच येथील राजवाडा.

व्यापारावर जगलेल्या आपल्या समाजाने असे व्यापाऱ्यांचे नगर कोणत्या दृष्टीने पाहावे, हा विचार मनात घेऊन आम्ही चौघी मैत्रिणी गेल्या जून महिन्यात तेथे सहा दिवस राहिलो. चौघीही सांगलीच्या, एकाच महाविद्यालयात शिकलेल्या. आमच्यातील सर्वांत वडील ती ‘अक्का’. तिने तीस वर्षे माध्यमिक शाळेत संस्कृत आणि अर्धमागधी शिकवली. दुसरी ‘वहिनी’, तिच्या सासरी तीन पिढ्यांची हळदीची अडत आहे. तिसरी डॉक्टर, तिची कन्या नोकरीनिमित्त हँबर्गला असते, म्हणून तर हा प्रवास ठरला. चौथी मी. प्रत्येकीला शहरात काही वेगळे पाहायचे होते. अक्काने मात्र निघण्यापूर्वीच सांगून ठेवले होते, “मला काही दाखवू नका, पण तिथले विद्यापीठ तेवढे दाखवा.” त्यामागील कारण पुढे येईलच.

गोदामांची नगरी

पहिल्या दिवशी आम्ही श्पायशरश्टाट पाहिले. या नावाचा अर्थच ‘गोदामांचे नगर’. कालव्यांच्या दोन्ही बाजूंना लाल विटांची सहा-सात मजली उंच गोदामे सुमारे दीड किलोमीटर लांब पसरली आहेत. सगळी उभी आहेत ती नदीच्या गाळात ठोकलेल्या लाकडी खांबांवर. प्रत्येक गोदामाला दोन तोंडे : एक पाण्याकडे, एक रस्त्याकडे. छपराखाली कप्पी आहे. होडीतून आलेले पोते तिने उचलायचे, हव्या त्या मजल्यावर ठेवायचे आणि विक्री झाली की दुसऱ्या बाजूने गाडीत उतरवायचे. कॉफी, चहा, कोको, मसाले, तंबाखू, रबर, गालिचे अशी जगभरची संपत्ती येथे साठत असे. जर्मन साम्राज्याच्या जकातसंघात सामील होताना हँबर्गने आपल्यासाठी एक जकातमुक्त क्षेत्र राखून घेतले आणि त्या क्षेत्रासाठी १८८३ पासून ही बांधणी सुरू केली. १८८८ मध्ये तिचे उद्घाटन झाले. २०१५ पासून ती जागतिक वारसास्थळांत गणली जाते.

वहिनीला या इमारतींत एका व्यवसायाची खूण लगेच पटली. येथे मालाचे मालक वेगळे आणि माल राखणारे वेगळे असत. मालाची प्रत पाहणे, नमुना काढणे, वजन करणे, ओल लागू न देणे ही कामे करणाऱ्यांच्या छोट्या भागीदाऱ्या असत आणि परक्याचा माल आपल्या विश्वासावर राखणे हीच त्यांची पत होती. तेथील एका जुन्या गोदामातील संग्रहालयात नमुना काढण्याची अवजारे, तराजू आणि पोती मांडून ठेवली आहेत. पोत्यात खुपसून नमुना काढायची पोकळ सळई पाहून वहिनी म्हणाली, “ही तर आमच्या अडतीतलीच!” मग तिने आम्हाला हरिपूरच्या पेवांची आठवण दिली. कृष्णाकाठच्या त्या गावात जमिनीत खोल खणलेल्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षे कीड न लागता टिकत असे. २००५ च्या महापुराने त्यांतील बहुतेक पेवे निकामी केली. हँबर्गच्या गोदामांना पुराने नव्हे, तर पोलादी कंटेनरने रिकामे केले. माल बंद पेटीतून येऊ लागला, तसे त्याला कप्पी, मजला आणि राखणदार यांची गरज उरली नाही. आता तेथे कार्यालये, संग्रहालये आणि उपाहारगृहे आहेत.

या वैभवाची दुसरी बाजूही तेथेच समजते. गोदामांसाठी जागा हवी म्हणून त्या बेटांवरील जुनी वस्ती पाडण्यात आली आणि सुमारे वीस हजार माणसांना घर सोडावे लागले. ज्या कोकोने आणि रबराने हे मजले भरले, ते दूरच्या खंडांतील मजुरांच्या घामातून आले होते. शिवाय हँबर्ग हे हस्तिदंताच्या व्यापाराचेही मोठे केंद्र होते. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘दंतवाणिज्य’ स्पष्टपणे सांगितले आहे. लहानपणी ती यादी पाठ करताना हस्तिदंताचा व्यापार कोण करतो, असे वाटायचे. येथे त्याचे उत्तर मिळाले.

श्वेतांबर आगमांतील उपासकदशांगात आनंद श्रावकाची कथा आहे. चार कोटी सुवर्ण ठेवीत, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसारात असलेला हा गृहस्थ भगवान महावीरांसमोर परिग्रहाची मर्यादा घालून घेतो. त्याने व्यापार सोडला नाही; ‘यापुढे अधिक नाही’ एवढेच ठरवले. अक्काने ही कथा कितीतरी वर्षे वर्गात शिकवली. कालव्याच्या पुलावर उभी राहून ती म्हणाली, “चार कोटी म्हणजे किती, हे मुलांना सांगता येत नसे. आता सांगता येईल.”

मावळता सूर्य आणि रात्रिभोजनत्याग

परदेशप्रवासाला निघणाऱ्या भगिनी आहाराविषयी हमखास विचारतात, म्हणून थोडे त्याविषयी. हे मासळीचे शहर आहे. धक्क्यावर पावलोपावली मासे भरलेले पाव विकतात. रविवारी पहाटे भरणारा, १७०३ पासून चालत आलेला मासळी बाजार प्रवाशांचे आकर्षण मानला जातो; तेथे फळे आणि फुलझाडेही मिळतात. आमच्यापैकी दोघी फळांसाठी जाऊन आल्या, दोघी गेल्या नाहीत आणि त्यावरून कोणी कोणाला बोलली नाही. दालचिनी घातलेला येथला ‘फ्रान्सब्रोटशन’ नावाचा गोड पाव प्रसिद्ध आहे. घेण्यापूर्वी त्यात अंडे नसल्याची खात्री विचारून करून घ्यावी. चीजमध्ये प्राणिजन्य रेनेट आणि मिठाईत जिलेटिन असू शकते, म्हणून वेष्टन वाचण्याची सवय ठेवावी. पूर्ण वनस्पतिजन्य पदार्थांवर तशी खूण छापलेली असते आणि ते दुकानांत सहज मिळतात. आम्ही स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेतले होते. बरोबर ज्वारीचे पीठ, मेतकूट, डाळ्याची चटणी आणि सांगलीचे भडंग होते. त्यामुळे कांदा, लसूण आणि कंदमूळ वर्ज्य असलेल्या अक्काचीही अडचण झाली नाही.

खरा प्रश्न सूर्याने उभा केला. जूनमध्ये हँबर्गला सूर्य रात्री पावणेदहाच्या पुढे मावळतो आणि पहाटे पाचच्या आधी उगवतो. हिवाळ्यात हाच सूर्य दुपारी चारच्या सुमारास मावळतो. अक्काचे चौविहाराचे व्रत आहे. नियम घड्याळावर नसून सूर्यावर आहे, मग रात्री नऊला जेवणे व्रताला धरून होईल की नाही, यावर आमचा पहिल्याच संध्याकाळी वाद झाला. डॉक्टरचे म्हणणे, सूर्य आकाशात आहे तोवर दोष कसला? अक्का शांतपणे म्हणाली, “दोष नाहीच. पण व्रत संयमासाठी घेतले आहे. जिभेला सूर्याची सबब कशाला द्यायची?” ती रोज सात वाजता जेवण आटोपत असे. दोन दिवसांनी आम्हीही तिच्याबरोबर सातलाच बसू लागलो आणि त्यानंतरची उजेडाची तीन तासांची संध्याकाळ फिरण्यासाठी मोकळी मिळाली. ६२ क्रमांकाची फेरीबोट, १९११ साली नदीखालून खोदलेला सव्वाचारशे मीटर लांबीचा पादचारी बोगदा, जुन्या कोको-गोदामावर काचेचा मुकुट चढवावा तसे २०१७ मध्ये उघडलेले एल्बफिलहार्मोनी हे संगीतगृह, हे सारे आम्ही जेवणानंतरच्या उन्हात पाहिले.

जळालेला मनोरा

हँबर्ग दोनदा जळाले. मे १८४२ मध्ये डाइशश्ट्रासे या व्यापारी गल्लीत लागलेली आग चार दिवस धुमसत राहिली आणि जुन्या शहराचा मोठा भाग तिने खाल्ला. दुसरी आग माणसांनी लावली. जुलै १९४३ च्या अखेरीस ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी शहरावर दिवसरात्र बाँब टाकले. २७ जुलैच्या रात्री आगीचे वादळ उठले. त्या काही दिवसांत चौतीस हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली आणि लाखो माणसे शहर सोडून गेली.

संत निकोलाय चर्चचा १४७ मीटर उंच मनोरा १८७४ ते १८७६ या काळात जगातील सर्वांत उंच वास्तू होता. १९४३ मध्ये वैमानिकांनी दिशा ओळखण्यासाठी याच मनोऱ्याचा उपयोग केला. चर्च कोसळले, मनोरा काळवंडून उभा राहिला. शहराने तो मुद्दाम तसाच ठेवला आहे. खालच्या तळघरात प्रदर्शन आहे. ते केवळ आपले दुःख मांडून थांबत नाही. जर्मन विमानांनी वॉर्सा आणि कॉव्हेंट्री या शहरांवर केलेला विध्वंसही तेथेच दाखवला आहे. आपल्यावर झालेली हिंसा सांगताना आपण केलेली हिंसा आधी सांगावी, ही प्रतिक्रमणाचीच रीत नव्हे काय? आम्ही तेथून बाहेर पडलो तेव्हा बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

अक्काचे तीर्थ

चौथ्या दिवशी आम्ही डामटोर स्थानकाशेजारच्या विद्यापीठात गेलो. मुख्य इमारत घुमटाची आहे. दारावर तीन शब्द कोरलेले आहेत; त्यांचा आशय असा : संशोधनासाठी, अध्यापनासाठी, विद्यासंस्कारासाठी. ही वास्तू एडमंड सीमर्स या व्यापाऱ्याने १९११ मध्ये शहराला दान दिली. तेव्हा शहरात विद्यापीठच नव्हते. ते १९१९ मध्ये स्थापन झाले. म्हणजे दान आधी आले आणि विद्यापीठ नंतर. इमारतीचे दोन नवे पंखही अलीकडच्या काळात हेल्मूट आणि हानेलोरे ग्रेवे या उद्योजक दांपत्याच्या देणगीतून उभे राहिले. पूर्वेकडील पंखात आशिया-आफ्रिका संस्था आहे आणि भारतविद्येचा विभाग तेथेच आहे.

अक्काला येथेच यायचे होते, कारण हे जैनविद्येच्या अभ्यासाचे एक जुने पीठ आहे. वाल्टर शुब्रिंग हे १९२० पासून तीन दशके येथे अध्यापक होते. त्यांचा जन्म १८८१ चा, शेजारच्या ल्यूबेक या बंदरातला. आचारांगाच्या पहिल्या श्रुतस्कंधाची त्यांची चिकित्सक आवृत्ती १९१० मध्ये लाइपझिगला प्रसिद्ध झाली. गद्यात मिसळून गेलेले प्राचीन पद्यांचे तुकडे त्यांनी छंदाच्या आधारे वेगळे ओळखून दाखवले. १९३५ चा त्यांचा जैन सिद्धांतावरील ग्रंथ आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. त्यांचे उत्तराधिकारी लुडविग आल्सडॉर्फ. पुष्पदंत महाकवीने दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानीत अपभ्रंश भाषेत महापुराण रचले. त्यातील हरिवंशाचा भाग आल्सडॉर्फ यांनी संपादित केला आणि तो १९३६ मध्ये हँबर्गहून प्रसिद्ध झाला. मान्यखेट म्हणजे आजचे मळखेड, सोलापूरहून फार दूर नाही. आपल्याकडे संपूर्ण महापुराणाचे तीन खंड डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादित केले. मुंबईच्या माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमालेने छापलेला त्यांतील तिसरा खंड १९४१ चा आहे. आल्सडॉर्फ यांचा भारतातील शाकाहाराच्या इतिहासावरील १९६२ चा प्रबंध पुढे इंग्रजीत आला, तो बाळ पाटील या आपल्याच महाराष्ट्रातील जैन लेखकाच्या अनुवादातून.

संस्थेच्या ग्रंथालयात भारतविषयक कपाटांपाशी अक्का थांबली. आगम, निर्युक्ती, चूर्णी, पुराणे, व्याकरणे. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेचे काही खंडही तेथे होते. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली संपत्ती ज्या कार्याला दिली, त्याचे फळ एल्बेच्या काठी उभे होते. त्या मालेचे एक प्रधान संपादक डॉ. आ. ने. उपाध्ये हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकवत असत. अक्काच्या गुरूंचे ते गुरू. तिने एक खंड काढला, कपाळाला लावला आणि जागेवर ठेवला. शेजारच्या मेजावर बसलेली एक विद्यार्थिनी प्राकृत व्याकरणाचे पुस्तक उघडून टिपणे काढत होती. अक्का तिच्याकडे पाहत राहिली. बाहेर आल्यावर ती एवढेच म्हणाली, “माझ्या शाळेत आता हा विषय नाही. शेवटच्या वर्षी माझ्या वर्गात तीन मुली होत्या.”

ज्ञानाशेजारचा चौक

पण कथा एवढ्यावर संपवली, तर ती अर्धी राहील. विद्यापीठापासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर एक मोकळा चौक आहे. १९०६ साली बांधलेले ज्यू समाजाचे भव्य सभागृह तेथे होते. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्याची विटंबना झाली, पुढच्या वर्षी ते पाडण्यात आले आणि पाडण्याचा खर्चही त्या समाजाकडूनच वसूल करण्यात आला. आज त्याच्या छताची आकृती गडद दगडांनी जमिनीवर रेखलेली आहे. आसपासच्या घरांसमोर फरसबंदीत हातभर अंतरावर पितळी चौकटी बसवलेल्या दिसतात. येथून नेऊन मारल्या गेलेल्या रहिवाशांची नावे त्यांवर कोरलेली आहेत. या विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवलेले तत्त्वज्ञ अर्न्स्ट कासिरर यांनाही ते ज्यू होते म्हणून १९३३ मध्ये देश सोडावा लागला.

ज्या परिसरात आचारांगाचे पाठ शुद्ध केले गेले, त्याच परिसरात हे घडले. सर्व जीवांना जीवन प्रिय आहे, हे सांगणारे सूत्र ग्रंथालयात होते आणि रस्त्यावर माणसे नेली जात होती. आपल्या आचार्यांनी मोक्षमार्ग सांगताना सम्यग्दर्शन, सम्यग्ज्ञान आणि सम्यक्‌चारित्र ही तिन्ही एकत्र का सांगितली, हे त्या चौकात जसे उमगले तसे पूर्वी कधी उमगले नव्हते. ज्ञान एकटे पुरत नाही.

मात्र हे वाक्य उच्चारून आपण समाधान मानावे, असेही नाही. त्यांच्याकडे ज्ञान होते आणि समाजाचे चारित्र ढासळले. आपण आचार जपला, पण ज्ञानाचे काय केले? आपल्या मंदिरांत अभिषेक होतो, पंचकल्याणके होतात, मिरवणुका निघतात आणि ते व्हावेच. पण ज्या भाषेत भगवंतांची वाणी आपल्यापर्यंत आली, ती भाषा वाचणारी माणसे आपल्या गावात किती उरली? आहार, औषध, अभय आणि शास्त्र ही चार दाने आपण नित्य उच्चारतो. पहिल्या तिन्हींसाठी आपल्या संस्था आहेत, देणगीदार आहेत. शास्त्रदानाची पावती फाडणारे मात्र कमी होत चालले आहेत. माणिकचंद शेठ आणि जीवराज दोशी हेही व्यापारी समाजातलेच होते. गोदाम भरण्याची विद्या त्यांना होती आणि ते कशासाठी रिकामे करावे, हेही त्यांना कळले होते.

शेवटच्या संध्याकाळी फेरीबोटीवर वहिनीने वही काढली आणि तिच्या पेढीच्या वर्षाच्या धर्मादाय खर्चाचा हिशेब मांडला. उत्सव, भोजन, मंडप, सत्कार यांच्या रकमा एकाखाली एक आल्या. पुस्तके आणि शिक्षण या सदरापुढे काहीच लिहिता येईना. तिने त्या सदरापुढे नवी रक्कम लिहिली आणि वही अक्कापुढे धरली. “शिकवणार का?” अक्काने रकमेकडे पाहिले नाही. “विद्यार्थी आण,” ती म्हणाली.

ऑगस्टपासून आमच्या मंदिराच्या स्वाध्याय-कक्षात दर रविवारी सकाळी नऊ ते साडेदहा अर्धमागधीचा वर्ग भरतो. प्राथमिक पुस्तके वहिनीच्या पेढीने घेऊन दिली आहेत. सध्या सात विद्यार्थी आहेत. त्यांपैकी दोघे साठीच्या पुढचे आणि सर्वांत लहान मुलगी इयत्ता आठवीत आहे. तिने परवा आनंद श्रावकाची कथा पहिल्यांदा मूळ भाषेत वाचली.